मंत्र्यांना जाब विचारणारा कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. जुना आहे, पण मोडीत निघालेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, मला वीज लागत नाही. बोलणाऱ्याची छाती तेवढी लागते.

निपाणीच्या भरमा पत्रेवाल्याने चौऱ्याहत्तर साली तेलाच्या डब्यापासून मला घडवले. माझा पहिला धनी देवाप्पा, बिडी कामगारांचा तरुण पुढारी. तेव्हा कारखान्यात बायांच्या बिड्या तपासताना कारकून मूठमूठ बिड्या खराब म्हणून बाजूला काढी. अशा बिड्यांना छाट म्हणत. छाटीची मजुरी बाईला मिळत नसे, आणि त्याच बिड्या मालक खुशाल विकी! देवाप्पा मला तोंडाला लावून गरजे, "छाट आमच्या डोळ्यांम्होरं मोडा!" मोडलेली बिडी विकता येत नाही. मग चांगली बिडी कोण कशाला छाटेल? मला त्याचा फार अभिमान वाटे.

अठ्ठ्याहत्तरला बायांनी त्याला आमदार केले. त्र्याऐंशीला तो कर्नाटकचा कामगारमंत्री झाला आणि बेंगळुरात माइकवर बोलू लागला. मी बिड्या वळणाऱ्या तानीबाईकडे राहिलो. मला अडगळीत पडल्याचा राग नव्हता. छाट तशीच चालू होती, त्याचा होता.

पुढच्या वर्षी देवाप्पासाहेबांचा निपाणीत सत्कार झाला. शेजारच्या खुर्च्यांवर कारखानदार बसले होते. भाषणात रस्ते आले, नळ आले, छाट काही आली नाही. तानीबाई उठली. तिने पदराखालून मला काढले.

"देवाप्पाण्णा, डोळ्यांम्होरं छाट मोडाय कवा लावणार?"

फौजदार पुढे सरसावला.

"अर्ज द्या की, बघूया," साहेब म्हणाले.

"अर्ज लई दिलं. आता हितनं हलणार न्हाय."

तिच्यामागे सगळ्या बाया उभ्या राहिल्या. एकही बसेना. शेवटी साहेब खाली उतरले आणि त्यांनी सवयीने माझ्याकडे हात केला. तानीबाईने मला दिले नाही.

"तुमच्याकडं माइक हाय की. तिथनंच सांगा. आम्हास्नी ऐकू येतंय."

साहेब परत व्यासपीठावर गेले. सोमवारपासून छाट बाईसमोर मोडायची, असा हुकूम त्यांनी माइकवरून सोडला. सोमवारी कारकुनाने तानीबाईच्या चारच बिड्या काढल्या, आणि त्या तिने स्वतःच्या हाताने मोडल्या.

मित्रांनो, माझे पोचे ठोकून मला शोभेला ठेवू नका. तुमच्या माणसाला निवडून द्या, त्याला खुशाल माइक द्या. मला मात्र तुमच्याजवळच ठेवा.