जर्मनाला गाऱ्हाणं

गोपाळशेट सुप्यातले लाकडाचे मोठे कंत्राटदार. सागवानाच्या ओंडक्यावर टिचकी मारून तो आतून पोकळ आहे का, ते सांगायचे. स्वतःवर कधी मारून पाहिली नाही. मी त्यांचा गाडीवान लक्ष्मण. बैल माझे, गाडी माझी आणि शिव्याही माझ्याच वाट्याच्या, तेव्हा ही हकीकत सांगायचा हक्क माझा आहे.

शेटांच्या पत्नी यमुनाबाई खानापुराकडून लग्न होऊन आल्या त्याला वीसेक वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांनी काळी नदीचे पूर पाहिले, परड्यात आलेला वाघ पाहिला, शेटांचे सगळे भाऊबंद जेवू घातले. समुद्र तेवढा पाहिला नव्हता. अणशीचा घाट उतरला की कारवार, पण घाट त्यांना कुणी उतरू दिला नव्हता. शेट दर वर्षी म्हणायचे, "औंदा न्हाई, पुढल्या साली बघू." मग एकोणीसशे चौदा सालच्या उन्हाळ्यात शेटांना हिवताप झाला, आणि जगलो तर हिला आगबोटीनं द्वारकेला नेईन, असं ते तापात चार माणसांदेखत बोलून बसले. ताप उतरला, पण माणसं ऐकून गेली होती. कारवार ते मुंबई, तिथून द्वारका अशी दोन तिकिटं आली. यमुनाबाईंनी ती पदराच्या गाठीला बांधली आणि शेटांच्या हाती एकदाही दिली नाहीत.

दसरा झाला आणि एमडेनची बातमी आली. ही जर्मनांची लढाऊ बोट. मद्रासवर तोफा डागून गेली, वाटेत भेटेल ती आगबोट बुडवते, असं टपालवाला सांगायचा. सुप्यात समुद्राबद्दल कुणाला काडीची माहिती नव्हती, पण एमडेनबद्दल सगळ्यांना होती. आमच्या न्हाव्यानं तर तिला काळी नदीतून वर आणून ठेवली होती.

शेटांची पाचावर धारण बसली. मात्र तोंडावर काळजी दुसऱ्याची.

"माझं काय, मी पुरुषमाणूस," ते बायकोला म्हणाले. "तुझ्यासाठी जीव टांगणीला लागलाय."

"माझा न्हाई लागला," यमुनाबाई म्हणाल्या. "ट्रंका भरल्यात."

शेटांनी मग बेळगावहून विम्याचे एजंट बोलावले. वासुदेवराव नाव, कोट आणि घाम दोन्ही भरपूर. त्या दिवशी ओसरीवर येसाजीही बसला होता. येसाजी जोयड्याकडच्या कुणब्यांचा बुदवंत, म्हणजे त्यांच्यातला मुखिया. लाकूडतोडीच्या कामाला माणसं पुरवायचा आणि गावदेवापुढं गाऱ्हाणंही, म्हणजे माणसाला सांभाळ अशी विनवणी, तोच घालायचा. वासुदेवरावांनी सफरीच्या विम्याची कलमं वाचून दाखवली. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "यातून लढाई, बंड आणि देवाची करणी वगळली आहे."

येसाजीचं पान चघळायचं थांबलं. "देवाची करणी वगळली? मंग तुमी सांभाळता काय?"

"समजा, शिडीवरून पाय घसरला..."

"हात्तिच्या! ते तर मी फुकट सांभाळतो, हात धरून."

वासुदेवराव चहा न घेता गेले. शेटांना आनंद झाला. विमा नाही म्हणजे प्रवास नाही, असं ते बोलणार, तोच यमुनाबाई दारातून म्हणाल्या, "येसाजीदादा, तुमचं गाऱ्हाणं लढाईला चालतं का?"

"चालतं की. पर सीमेपातुर."

आमच्याकडची ही रीत सांगायला हवी. गावदेवाचा शब्द गावच्या सीमेपर्यंत. सीमेवर माणसाला पुढच्या गावच्या राखणदाराच्या, म्हणजे तिथल्या रक्षक देवाच्या, ताब्यात द्यायचं, नारळ फोडायचा, विडा ठेवायचा. तो राखणदार आपल्या सीमेपर्यंत नेतो. मंत्र फारसा नाही, सगळा व्यवहार चोख. आणि एकदा सोपवलेलं माणूस मागं ओढायचं नाही. ओढलं तर दोन्हीकडचे राखणदार कोपतात आणि ओढणाऱ्याच्या घरादाराला बघून घेतात.

शेट एकदम तयार झाले. मला आश्चर्य वाटलं. गाडीत बसता बसता माझ्या कानाशी म्हणाले, "लक्षुमणा, दर्याला सीम कुठली आणि राखणदार कुठला? बंदरावर गेलं की येसाजीच न्हाई म्हणंल. हिला लाटा दाखवू, मासळी खाऊ आणि माघारी फिरू." माणूस डोक्यानं हुशार होता, हे मान्य करायला हवं.

निघालो. कुंभारवाड्याच्या सीमेवर गाडी थांबली, अणशीच्या सीमेवर थांबली, घाटाच्या तोंडाशी थांबली. प्रत्येक ठिकाणी येसाजी पागोटं नीट करून हाक द्यायचा, "हे बारा वाटंच्या म्हाराजा, ही आमची बाय तुझ्या हवाली करतो. जशी दिली तशी माघारी दे." मग मी "व्हय म्हाराजा" म्हणायचो, बैल शेपट्या हलवायचे. शेट गाडीतच बसून राहायचे. त्यांच्या मते हे सगळं अडाण्यांचं होतं. त्यांचं गाऱ्हाणं येसाजीनं घातलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. तिसऱ्या नारळाला यमुनाबाई हसून म्हणाल्या, "माझ्या बापानंसुदीक मला एकदाच दिली होती."

घाटाखाली कद्र्याला गाडी ठेवून काळी नदीत होडी केली. कारवारला उतरलो, माडांमधून बाहेर आलो आणि समोर समुद्र. यमुनाबाई उभ्याच राहिल्या. मग घळघळा रडायला लागल्या. मला वाटलं, घाबरल्या. म्हणाल्या, "एवढं सगळं हितं होतं, आणि मला कुणी सांगितलं न्हाई." मला फार वाईट वाटलं. माझीही बायको घाट उतरली नव्हती.

आगबोट लांब पाण्यात उभी होती. उतारूंना तिथवर न्यायला मचवा किनाऱ्याला लागला होता. येसाजी शेवटचा नारळ घेऊन वाळूत थबकला.

"शेट, हितनं फुडं कुणाची सीम?"

शेट ह्याच प्रश्नाची घाट उतरल्यापासून वाट पाहत होते. ऐटीत म्हणाले, "अरे, दर्या कसला सीमेचा! कालपातुर सरकारचा होता. आता त्या जर्मनाचा. त्याच्या भयानं सरकारच्या बोटी दडून बसल्यात. तो सोडंल तो जाणार, धरंल तो बुडणार."

"म्हंजे राखणदार त्योच," येसाजी म्हणाला.

शेट तोंड उघडून काही बोलेपर्यंत त्यानं नारळ दगडावर आपटला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "हे दर्याच्या जर्मना म्हाराजा! ही सुप्याची बाय तुझ्या सीमंत आली. तुझी लढाई सरकारासंगं, हिच्यासंगं न्हाई. जशी दिली तशी माघारी दे. कोंबडा देईन!"

मी सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणून गेलो. मचव्यातल्या चारदोन बायांनीही म्हटलं. त्यांनाही त्याच बोटीनं जायचं होतं.

बंदरावरचा हवालदार काठी आपटत आला. "कोण रे जर्मनाला महाराज म्हणतोय? लढाई चालू आहे, ठाऊक आहे ना? कुणाची माणसं तुम्ही?"

येसाजीनं निर्मळपणे शेटांकडं बोट केलं.

शेटांचा चेहरा राखेसारखा झाला. सरकारी जंगलाचं कंत्राट त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. एका हातानं त्यांनी यमुनाबाईंचा पदर घट्ट धरला होता, दुसरा हात हलवत म्हणाले, "माझी? छे, छे! मी सरकारचा कंत्राटदार. ह्यातल्या एकालाही मी वळखत न्हाई."

"ही बाई?"

शेटांनी यमुनाबाईंकडं पाहिलं, मग हवालदाराच्या काठीकडं. "न्हाई," ते म्हणाले.

"मग परक्या बाईचा पदर कशाला धरलाय? सोडा!"

पदर सुटला. यमुनाबाईंनी त्याची गाठ सोडली, एक तिकीट काढून शेटांच्या हातावर ठेवलं आणि दुसरं घेऊन पाण्याकडं चालू लागल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर शेटांना सोपं गेलं असतं.

मी ट्रंक मचव्यात चढवली. शेट धावत येसाजीकडं गेले. "येसाजी, तिला बोलीव! माघारी घे!"

"आता कसा घेऊ, शेट?" येसाजी खिन्न होऊन म्हणाला. "सोपवली न्हवं? तुमी पायजे तर जावा संगं. पर तुमचं गाऱ्हाणं न्हाई घातलं, आन् नारळ सरला."

हवालदाराला एव्हाना हसू फुटलं होतं. येसाजीला त्यानं दोन शिव्या देऊन सोडलं. खोबऱ्याचं एक शकल मात्र उचललं.

मचवा निघाला. शेट जोड्यांसकट गुडघाभर पाण्यात गेले. लाट आली की मागं यायचे, ओसरली की पुन्हा पुढं. तिकीट हातातच होतं आणि मचवा हाकेच्या अंतरावर होता. एक हाक मारली असती तर नावाड्यानं थांबवलाही असता. पुढं गेला माणूस तर फार तर कमरेपर्यंत भिजला असता. मी पाहत होतो. येसाजीही पाहत होता. यमुनाबाई एकदा वळल्या. शेट जिथं होते तिथंच उभे होते. मग त्या पुन्हा पुढं पाहून बसल्या.

वीस वर्षांत शेट कामाला म्हणून कितीदा घराबाहेर पडले असतील. दर वेळी यमुनाबाई उंबऱ्याशी येऊन "सांभाळून जावा" म्हणायच्या आणि शेट मागं न पाहता गाडीत बसायचे, ते मीच पाहिलेलं. त्या दिवशी मचवा आगबोटीला लागल्यावर शेट हळूच म्हणाले, "सांभाळून जा गं."

ते फक्त मला ऐकू आलं.