हेल्मेटातला मोतीबिंदू

२००८ साली महाडच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात सहानुभूती आली ती खोक्यातून. पुण्याच्या सुधीर नावाच्या गृहस्थाने एक हेल्मेट आणलं होतं, आत दोन छोटे पडदे. डोक्यावर चढवलं की मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला जग कसं दिसतं ते दिसायचं. "व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी," सुधीर म्हणाला. घरी रोज हाच शब्द वापरत असल्यासारखी प्राचार्या सारिका मॅडमनी मान हलवली.

मॅडमनी त्याच दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिरही ठेवलेलं. हेल्मेटशेजारी खरे पेशंट बसवले की फोटो भरगच्च येतो. एका मांडवात दोन कार्यं उरकण्यात मॅडमचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

शेवटच्या पेशंट राहीबाई, पोलादपूरच्या वरच्या वाडीतून आलेल्या. मुंबईतल्या मुलाने, अनिलने, बजावलं होतं: पावसाआधी डोळ्याचं ऑपरेशन झालं नाही तर शेळ्या विकायच्या आणि भांडुपच्या खोलीत येऊन राहायचं. राहीबाईंनी ती खोली एकदा पाहिली होती. तेव्हा अजून दिसत होतं.

डॉक्टरांनी थेंबांची बाटली अमिताच्या हातात दिली. "थोड्या थोड्या वेळाने घालत राहा. डोळ्याची बाहुली मोठी झाली तरच ऑपरेशन होईल."

अमिता वर्गातली हुशार मुलगी. तिने एकदाच थेंब घातला, तेवढ्यात हेल्मेटसाठी तिचा नंबर लागला. हेल्मेट उतरवलं तेव्हा ती हुंदके देत होती. "बघा, ही खरी नर्स!" सुधीर ओरडला. झालं, बाकीच्यांनाही रडणं भाग पडलं. जिला रडू आलं नाही ती पुन्हा रांगेत उभी राहिली. अमिताला अनुभवकथनासाठी माईकवर बोलावलं. ती बोलतच राहिली. बाटली टेबलावर.

भिंतीशी बाकावर बसलेल्या राहीबाईंनी रांगेतल्या पोरीला हाक मारली, "गो पोरी, थेंब घालायचा हाय ना?"

"थांबा हो आजी, आत्ता तुमच्याबद्दलच चाललंय."

सगळ्यात शेवटी डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं. "बाहुली उघडलीच नाही. आता थांबायला मला वेळ नाही. पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर." त्यांनी हातमोजे काढले, आणि गाडी निघून गेली.

मॅडमनी लगेच बाजू सावरली. "अमिता, आजींशी बोल बरं. आज शिकलीस ना?"

अमिताने गुडघे टेकले, राहीबाईंचा हात हातात घेतला आणि सुधीरने शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "आजी, तुमचं दुःख मी आज स्वतः अनुभवलंय." सुधीरने फोटो काढला.

"अनुभवलंस? बरं झालं," राहीबाई म्हणाल्या. "मग माज्या जागी तूच जा गो अनिलकडं. मी शेळ्यांकडं जाते."

मुली खळखळून हसल्या. आजी किती गोड बोलतात, असं मॅडमही म्हणाल्या.

पेरणीच्या आधी अनिल टेम्पो घेऊन वाडीत आला. शेळ्या आधी चढवल्या, मग आईला.