चटईच्या कडेवर

रुबिनाने गुळाचा खडा तळहातावर धरला आणि उलटी पावलं टाकत ती गाडीला लावलेल्या फळीवर चढली. गुलछडी घोडी तिच्या मागोमाग आली. फळीच्या तोंडाशी अंथरलेल्या काथ्याच्या चटईपर्यंत आली आणि थांबली. मान लांबवून तिने ओठांनी गूळ तेवढा उचलला. पाय जागचे हलले नाहीत.

"पाचवी खेप," समोरच्या ओट्यावरून शेजारचा कारभारी म्हणाला. "गुळाची ढेप संपन, पण घोडी नाही चढत."

गाडीवाल्या दयारामने चटईची सुरकुती सरळ केली. घोडे नेणं हेच त्याचं काम. गाडीला आतून गाद्या ठोकलेल्या होत्या, जनावराच्या छातीला टेकेल असा आडवा दांडा होता, आणि फळीवर खूर घसरू नयेत म्हणून ही जाड चटई. ती फळीवरून उतरून हातभर जमिनीवरही पसरली होती. आल्या आल्या त्याने आधी डॉक्टरचा दाखला पाहिला होता, मग घोडीचे खूर, आणि मगच चहा घेतला होता.

"घोडीले गाद्यांची मोटार!" कारभारी म्हणाला. "मी बिमार पडलो तं पोरानं मले काळीपिवळीत कोंबून खामगावले नेलं."

"तुम्ही लाथा नाही झाडत ना, काका," दयाराम म्हणाला.

"मनात येते बापा कधी कधी."

रुबिना हसली नाही. ती खाली उतरली, घोडीला मागे घेऊन पुन्हा वळवू लागली.

चौदा वर्षं पिंपळगाव राजातले नवरदेव याच पाठीवरून मांडवात गेले होते. रुबिनाचे अब्बा, कय्यूमभाई, लगाम धरून पुढे चालत. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून घोडीला पाणी पाजायलाही कारभारी येत होता. पुण्याच्या मतीनने, रुबिनाच्या भावाने, फोनवरच एका व्यापाऱ्याशी घोडी विकायचं बोलणं उरकलं. व्यापारी उद्या येणार होता. त्याच्याकडे गेलेलं म्हातारं जनावर पुढे कुठे जातं, हे गावाला माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं.

रुबिनाने मतीनशी वाद घातला नाही. सुलतानपुरात तिच्या नवऱ्याच्या, सकलैनच्या गोठ्यात जागा होती. ती तिने झाडून घेतली आणि दयारामला शोधून काढलं. साधा पिकअप नको, हे तिचं आधीच ठरलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी सासरचा घोडा कांद्याच्या पिकअपमध्ये आणला होता. घाटाच्या वळणावर तो पत्र्यावर घसरला आणि पाय मोडून बसला. त्याचे डोळे मिटेपर्यंत रुबिना रस्त्याच्या कडेला उभी होती.

अब्बांना विचारलं तेव्हा ते एकच शब्द बोलले होते, "ने." आज सकाळपासून ते भिंतीला टेकून खाटेवर बसून होते. काठी मांडीवर आडवी. घोडीच्या जवळ एकदाही आले नव्हते.

ऊन गाडीच्या टपावर आलं.

"ताई, ऊन तापलं की मी जनावर भरत नाही," दयाराम म्हणाला. "आत भट्टी होते. अर्धा तास पाहू. नाही तं मले रिकामं जा लागन."

"रिकामं नाही जायचं."

"चार जण बोलावू का?" कारभारी उठून आला. "मागून दोर लावू. एखादा फटका..."

"फटका नाही!" रुबिना आणि दयाराम एकदमच म्हणाले.

"मंग राहू द्या. तिचा जीव कय्यूमभाईत गुंतला. मुक्या जनावराले सारं समजते."

दारात जमलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. रुबिनाचाही लगामावरचा हात क्षणभर सैल पडला.

दयाराम मात्र घोडीसमोर उकिडवा बसला होता. "ताई, हिचे कान पाहा. हे भ्यायली नाही. अडूनबी नाही राह्यली. हे थांबली आहे. कोणीतरी थांब म्हनलं हिले."

"कोणीच नाही म्हणलं."

"माह्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता."

रुबिनाने खाली पाहिलं. पुढचे दोन्ही खूर एका ओळीत होते, चटईच्या कडेपासून चार बोटांवर. तिने घोडीला मागे नेलं, बाजूने आणलं. पुन्हा चार बोटं.

तिला अंगण आठवलं. अम्मीची जुनी गोधडी मातीवर पसरलेली, आणि अब्बा कोवळ्या गुलछडीला त्या कडेशी उभं करत आहेत. मांडवाच्या दारात पायघड्या असतात, त्यांवर घोडीचा खूर पडता कामा नये. कापड आलं की थांबायचं. बँड वाजो, फटाके फुटोत, हलायचं नाही. नवरदेव उतरला की अब्बा मानेवर दोनदा थापटत. मग ती नेतील तिकडे जाई.

रुबिनाने वळून पाहिलं. अब्बा घोडीकडे पाहत नव्हते. ते चटईकडे पाहत होते. नजरानजर होताच त्यांनी मान खाली घातली आणि ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवू लागले.

"दयारामभाऊ, चटई दिसणार नाही अशी माती पसरली तं?"

"चालन. पसरा."

कारभाऱ्याने आणून दिलेलं घमेलं तिने उचललं. दोन पावलं गेली. मग ते तिथेच खाली ठेवून ती खाटेपाशी आली आणि अब्बांसमोर जमिनीवर बसली. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"अब्बा, उद्या त्या व्यापाऱ्याचा ट्रक येईन. त्याच्यात चटई नसते."

अब्बांचा अंगठा थांबला.

मग त्यांनी काठी टेकली. रुबिनाने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. खाटेपासून घोडीपर्यंतची वीस पावलं ते एकटे चालले. गुलछडीने कान वळवले, मान वळवली नाही.

अब्बा तिच्या डाव्या अंगाला उभे राहिले. काठी काखेत धरून त्यांनी उजवा हात वर केला, उतरणाऱ्या माणसाला आधार द्यावा तसा. एक माणूस उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो हात तसाच राहिला. मग त्यांनी तिच्या मानेवर दोनदा थापटलं.

रुबिनाने लगाम नुसता धरला. घोडी चटईवर चढली, फळीवरून आत गेली. काथ्यावर खुरांचा आवाजही झाला नाही.

कारभाऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली.

दयारामने दांडा अडकवला, पाण्याची बादली बांधली. फळी उचलताना अब्बांनी त्याला थांबवलं.

"भाऊ, तिकडं उतरवतानाबी हेच चटई टाकता का?"

"टाकतो ना, चाचा."

"मंग ते तिथंबी थांबन." ते रुबिनाकडे वळले. "दोनदा थापटजो, बेटा. नाही तं दिवसभर आतच उभी राहीन ते."

"किती जोरानं, अब्बा?"

अब्बांनी तिच्या खांद्यावर दोनदा थापटून दाखवलं. मग रुबिना गाडीत चढली.