विरोधातलं एक मत

आमच्या वॉर्डातली सगळी मतं एकाच पक्षाला पडतात, आणि त्या पक्षाचे गावातले अध्यक्ष म्हणजे आमचे हे. गेल्या निवडणुकीत मात्र एक मत विरोधात गेलं. एकच! पण यांच्या ते इतकं जिव्हारी लागलं की अन्न गोड लागेना.

"अगं, हा घरभेदी शोधूनच काढतो," म्हणाले.

पहिला संशय न्हाव्यावर. वस्तरा विरोधकाच्या हातात आणि मान आपली, नको रे बाबा, म्हणून घरीच दाढी करू लागले. हनुवटीवर रोज नवी पट्टी! मग शिंप्याला भर रस्त्यात शपथ घ्यायला लावली. शेवटी धाकट्या भावालाच जेवताना विचारलं, "तूच ना रे तो?" भावजी ताटावरून उठले, ते पुन्हा आमच्या दारात फिरकले नाहीत. पाच वर्षं गावभर हाच उद्योग.

काल निकाल लागला. हे घरी येऊन खुर्चीत मटकन बसले.

"एक्केचाळीस मतं विरोधात! अगं, एकाचे एक्केचाळीस झाले कसे?"

मी पाण्याचा पेला पुढे केला. काय सांगणार कपाळ? गेल्या वेळचं ते एक मत माझं होतं. ज्यांना घरातला ठिबकणारा नळ दुरुस्त करवत नाही, ते गावाला पाणी काय देणार? यंदा मात्र त्या पट्ट्या बघून माझा जीव कळवळला, आणि मी पहिल्यांदाच यांच्या पक्षाला मत देऊन आले.