घाफा-सिद्रा फाट्यावरचा फलक

घाफा आणि सिद्रा या अमिरातीच्या डोंगरातल्या दोन शेजारी वस्त्या. रस्ता जिथे फुटतो, तिथे दोन्ही वस्त्या कशा वसल्या ते सांगणारा फलक लावायचा होता. हे काम अनुराधाच्या दुबईतल्या डिझाइन ऑफिसला मिळालं. मजकूर तिनं लिहायचा आणि फलक दुबईतल्याच रास अल खोरमधल्या मुरलीधर शिंत्र्यांच्या वर्कशॉपमध्ये बनायचा.

सिद्र्याची माहिती मरियमबींनी दिली. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, लग्न होऊन सिद्र्यात आल्या आणि तिथल्याच झाल्या. आता सत्तरी ओलांडलेली. "तू मराठी? मग आधी जेव, बाय, मागसून लिव," असं म्हणत त्यांनी अनुराधाला ताटावर बसवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी गाव एकच होतं, घाफा. पुरात निम्मी घरं वाहून गेली, तेव्हा सलमा नावाची एक विधवा उघड्यावर पडलेल्यांना घेऊन डोंगरापलीकडे गेली आणि तिनं पाण्याचा नवा पाट खणवला. ते सिद्रा. सलमा म्हणजे मरियमबींच्या नवऱ्याची पणजी.

"आमची माणसं एवढंच मागतात गो, तिचं नाव ऱ्हावं," त्या म्हणाल्या.

मजकूर तयार झाला तोवर २००९ उजाडलं होतं. अनुराधाचा नवरा शैलेंद्र ज्या बांधकाम कंपनीत होता, ती मंदीत बंद पडली. अल मनखूलमधला फ्लॅट आणि लेक मिहिकाची शाळा, सगळं आता तिच्या एकटीच्या पगारावर होतं. ऑफिसातही रोज एखादं टेबल रिकामं व्हायचं.

अशात तिचा बॉस संजय म्हणाला, "क्लायंटनं बजेट कट केलंय. बोर्ड अर्धा होणार. आजच फायनल करून दे, यल्ला, लवकर."

दोन वाक्यांत सलमा बसली असती. पण त्यासाठी सगळा मजकूर नव्यानं जुळवून संजयला पटवावा लागला असता, आणि वाद घालायची तिला भीती वाटत होती. तिनं सलमाचा परिच्छेद काढला. सिद्र्याचं नाव तर यायला हवं, म्हणून स्वतःच एक ओळ घातली: पुढे घाफ्यातले काही मेंढपाळ सिद्र्यात जाऊन राहिले. असं तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

फलक लागल्यावर मरियमबींचा फोन आला. "शुक्रवारी आमचं सगळं घर बघायला चाललंय. तू लेकीला घेऊन ये."

नाही म्हणायला तिला जमलं नाही. फाट्यावर चार गाड्या उभ्या होत्या. बायकांनी खजूर आणि कॉफीचे थर्मास आणले होते. आईकडून सलमाची गोष्ट ऐकलेली दहा वर्षांची मिहिका पुढे होऊन फलकावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"आई, where's the lady?"

मरियमबींनी अनुराधाकडे पाहिलं. "आमची सलमा खंय हाय?"

"छापणाऱ्यानं घोळ केला," अनुराधा बोलून गेली. "मी लिहिलं होतं."

कॉफीचे पेले कुणी बाहेर काढलेच नाहीत. मरियमबींचा पुतण्या वली तेवढा तक्रार करायला तिथल्या तिथे फोन लावू लागला.

तक्रार क्लायंटकडून ऑफिसात आली. संजयनं अनुराधाला विचारलंसुद्धा नाही, पाठवलेला मजकूरही उघडून पाहिला नाही. त्यानं वर्कशॉपवर ठपका ठेवला आणि मुरलीधरांची राहिलेली सगळी कामं काढून घेतली. अनुराधा समोरच बसली होती. ती गप्प राहिली.

घरी तिनं शेवटी शैलेंद्रला सांगितलं, तर तो म्हणाला, "आत्ता तोंड उघडलंस तर तुझीही नोकरी जाईल. माझं काहीतरी होऊ दे, मग बघू." त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तिला जास्तच लाज वाटली.

महिनाभरानं ती एकटीच सिद्र्याला गेली आणि मरियमबींना सगळं सांगून टाकलं.

"माझ्याकडे माफी मागून काय होतंय?" त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर ढकललंस, त्याच्याकडे गेलीस काय?"

तिथून ती थेट रास अल खोरला गेली. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली होतं. आत मुरलीधर कटिंग मशीन विकत घेणाऱ्याची वाट पाहत बसले होते. तिचं बोलणं त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं.

"मंदीच आहे, मॅडम, तसाही बंद झालो असतो," ते म्हणाले. "पण माणूस काम नाही म्हणून बंद होतो आणि चुका करणारा ठरून बंद होतो, यात फरक आहे. गावी, मिरजेपर्यंत पोचलंय ते. मेहुण्यानं विचारलं, काय घोळ घातलास म्हणून."

"मी उद्या सगळ्यांसमोर सांगते."

"सांगा. पण माझ्यासाठी सांगितलं, असं म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या मीटिंगमध्ये तिनं सांगितलं. संजयचा चेहरा पडला. महिन्याअखेरीस तिला खलास म्हणून नोकरीवरून काढण्यात आलं. पुढचे काही महिने कठीण गेले. मग शैलेंद्रला अबू धाबीत नोकरी लागली आणि ते तिकडे राहायला गेले.

२०११ मध्ये फलक बदलला. वलीनं फोटो पाठवला; सलमाचं नाव अरबीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे होतं. अनुराधानं तो फोटो आता मिरजेला परतलेल्या मुरलीधरना पाठवायचं ठरवलं. नंबर होता. ती फोन हातात घेऊन बसली, पण त्यांचं वर्कशॉप तर गेलंच होतं; त्यांनी तो फोटो कशासाठी पाहावा, हे तिला सांगता येईना. तिनं फोन बाजूला ठेवला आणि मिहिकाच्या डब्यासाठी भाजी चिरायला उठली.