मृत पिल्ले, दोन

केवड्याच्या बनात पडलेली समुद्रगरुडाची मादी करुणाने हातमोजे घालून उचलली, जळलेले पंख मिटवले आणि पिशवीवर अनुक्रमांक लिहिला. नर तासाभरापूर्वीच सापडला होता. दोघं एकाच वेळी तारांना चिकटली असावीत.

खाडी ओलांडणाऱ्या लाइनच्या मनोऱ्यावर, काटक्यांच्या ढिगात, त्यांची दोन पिल्लं ओरडत होती.

वीज कंपनीने तिला सहा महिन्यांपूर्वी नेमलं होतं ते याच कामासाठी. तारांखाली मेलेले स्थलांतरित आणि संरक्षित पक्षी उचलायचे किंवा त्यांची घरटी काढायची, तर वनखात्याची परवानगी लागे. ती परवानगी तिच्या नावावर होती.

"घरटं आजच काढू," इंजिनीअर शुभंकर म्हणाला. "काटक्या तारेवर आल्यात. असं असताना मी लाइन चालू करणार नाही."

"परवानगी रिकाम्या घरट्याची आहे, सर. आणि मेलेल्या पक्ष्यांची. जिवंत पिल्लांबद्दल त्यात काहीच नाही."

"मग मागा."

तिने त्याच दुपारी अर्ज पाठवला. दुसऱ्या दिवशी चार फोन केले. अर्ज वर गेला आहे, एवढंच कळलं.

तिसऱ्या दिवशी याच लाइनवर वीज येणाऱ्या केळशी गावातली माणसं मनोऱ्यापाशी येऊन उभी राहिली. पंप बंद, नळाला पाणी नाही. मासे विकणारी जाईबाई रिकामी पाटी घेऊन थेट करुणासमोर आली.

"बर्फ नाय. माझं सगळं म्हावरं कुजून गेलं. नि तू हतं पाखरं राखत बसलीस?"

करुणाने मान खाली घातली. शुभंकर मोबाइलमध्ये बघत होता. माणसं पांगल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तीन दिवस पोटात काही नाही पिल्लांच्या. उद्यापर्यंत तुमच्या परवानगीत बसतील."

लाइनमन अमरदीप जवळच कमरेचा पट्टा आवळत होता. नऊ वर्षं तो कंत्राटावर होता. यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. त्याने पट्टा सोडला, पुन्हा आवळला.

चौथ्या दिवशी सकाळी वरून आवाज येत नव्हता. अमरदीप कापडी पिशवी खांद्याला लावून मनोऱ्यावर चढला. घरट्याशी पोचल्यावर तो बराच वेळ वाकलेला दिसला. मग त्याने खाली हाक दिली.

"मेलीत! दोन्ही!"

शुभंकरने घड्याळात पाहून वेळ लिहून घेतली.

अमरदीप उतरला तो एकेक पाय जपून टाकत. पिशवी त्याने छातीशी धरली होती. करुणाच्या हातात देताना त्याने ती लगेच सोडली नाही.

"ताई, सांभाळून," तो म्हणाला. "जरा लवकर न्या."

पिशवीच्या तळाला तिचा हात लागला. तळ गरम होता. कापडाखाली काहीतरी बारीक धडधडत होतं. तिने वर पाहिलं. अमरदीप तिच्याकडेच बघत होता. घामेजलेल्या चेहऱ्यावर हसू दाबलेलं होतं. मेली म्हटल्याशिवाय पिल्लं खाली येणार नव्हती, म्हणून त्याने तसं म्हटलं होतं. पुढचं तिच्यावर सोपवलं होतं.

"सील करा," शुभंकर मागून म्हणाला. "माझ्यासमोर करायला हवं ना?"

"हो."

तिने पिशवीच्या तोंडाला दोरी बांधली आणि वर कागदी पट्टी चिकटवली. तिच्या सहीखाली शुभंकरने साक्षीदार म्हणून सही केली.

मृत पक्षी दोन तासांच्या आत उपकेंद्रातल्या शीतपेटीत ठेवायचे, असा नियम होता. जीपमध्ये पिशवी तिच्या मांडीवर होती. शुभंकर शेजारी बसला होता. सांगायचं तर आताच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की अमरदीपची खोटी खबर उघडी पडणार, तिची खोटी सही उघडी पडणार, आणि नोकरी कायम व्हायला तिला अजून सहा महिने होते. वाक्य तिने तीनदा मनात जुळवलं. आंजर्ल्याच्या अलीकडे पिशवी हलली. एक कोपरा स्पष्ट उचलला गेला आणि खाली बसला.

शुभंकरने पाहिलं. तिने त्याला पाहताना पाहिलं.

"रस्ता फार खराब झालाय," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

उपकेंद्रात शीतपेटीचं झाकण त्याने उघडून धरलं. तिने पिशवी आत ठेवली, नर आणि मादीच्या शेजारी. झाकण त्यानेच लावलं. नोंदवहीत तिने लिहिलं: मृत पिल्ले, दोन. पुढच्या रकान्यात मृत्यूचं कारण हवं होतं. थोडं थांबून तिने 'उपासमार' असं लिहिलं.

मनोऱ्यावरचं रिकामं घरटं काढलं गेलं आणि केळशीत दुपारी तीनला वीज आली.

पाचच्या सुमाराला अमरदीपचा फोन आला. मागे पंप चालू असल्याचा आवाज होता.

"ताई, खातात काय काही?"

तिने खुर्ची मागे सरकवली. शुभंकर टेबलावरचे कागद लावत होता.

"खातात," ती म्हणाली.

"मला वाटलंच. धाकटा लय जोर करीत होता, वरच माझं बोट धरलान." तो हसला. "माझ्या पोरीला बघायचीयत. रविवारी घेऊन येऊ?"

"रविवारी ऑफिस बंद असतं."

"मग सोमवारी येतो," अमरदीप म्हणाला. "शाळा बुडली एक दिवस तर बुडू दे."