कबुतरांसाठी घडवलेली वीस बोअर

टेबल

फौजदार लोपार्दोने टेबलावर हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर ती दुनळी ठेवली, तशी देल्फीनाने मान फिरवली. याच बंदुकीने तिच्या नवऱ्याचं, गाउदेन्झिओ पाववाल्याचं, डावं पाऊल नेलं होतं. डोंगरात कस्तूर पक्षी मारायला गेला होता. बांध ओलांडताना चापात फांदी अडकली आणि बार उडाला.

बंदूक विकली होती दुकानदार सेवेरीनोने. तो भिंतीला पाठ लावून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. आणि पारख करायला बोलावली होती ती ओत्तावियाला, त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला. बंदुकांवर नक्षी कोरण्यात तिची हयात गेली होती.

"प्रश्न एकच," लोपार्दो म्हणाला. "हिला चाप अडवून धरणारा सेफ्टीचा खटका मुळातच नव्हता, की मागाहून कुणी काढला? काढला असेल, तर तुमच्या भावावर खटला. मुळात नसेल, तर तो मोकळा."

"आणि हे सांगणार कोण? त्याची बहीण!" देल्फीना म्हणाली.

"बाई, यांचं नाव तुम्हीच दिलंत."

"मी नाही, गाउदेन्झिओने. पलंगावर पडल्यापडल्या म्हणतो, ओत्ताविया पोलादाशी खोटं बोलत नाही. म्हटलं, पोलादाशी नसेल बोलत."

सेवेरीनो खाकरला. "साहेब, मी पहिल्यापासून सांगतोय. ही कबुतरांची बंदूक आहे. कबुतरांच्या बंदुकीला सेफ्टी नसतेच. ताई, सांग त्यांना."

ओत्तावियाने चष्मा पुसला. या क्षणी तिला एवढंच हवं होतं, की भाऊ खरा निघावा.

सेफ्टी

नाही.

नळ्या

"कबुतरांची म्हणजे?" लोपार्दोने विचारलं. तो समुद्राकडचा. चार वर्षं या खोऱ्यात काढूनही बंदुकांच्या बाबतीत कोराच राहिला होता, आणि लोक त्याला ते ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

"पूर्वी मैदानात पेटीतून कबुतर सोडायचे, साहेब," सेवेरीनो सांगू लागला. "नेमबाज आखलेल्या रेघेवर उभा. पैजा लागलेल्या. आता बंद झालं ते सगळं. तुमच्याकडे काय, मासे मारायचे!"

"पण ते बारा बोअरने," देल्फीना म्हणाली. "आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. वीस बोअर म्हणजे बारीक नळीची, रानातल्या पाखरांची. बायकांची, म्हाताऱ्यांची. त्याने खटका काढला आणि वर कबुतरांचं नाव चिकटवलं."

ती म्हणत होती ते सरसकट खरंच होतं. ओत्तावियानेही आयुष्यात अशा वीस बोअर फार थोड्या पाहिल्या होत्या.

तिने नळ्या सोडवल्या आणि खिडकीकडे धरून आत डोळा लावला. दोन्ही नळ्या तोंडाशी आवळलेल्या होत्या, एक थोडी अन् दुसरी जास्त असं नव्हे, दोन्ही सारख्याच घट्ट. रानात पाखरू जवळून उठतं, तिथे छरे पसरायला हवेत. हिचे छरे मुठीसारखे एकवटून जाणार.

"त्याला पक्षी लागत होते का?" तिने विचारलं.

देल्फीनाला बोलायचं नव्हतं, तरी ती बोलली. "पहिल्या दिवशी सगळे हुकले. शेवटी एक लागला, तर त्याच्या नुसत्या चिंध्या. सळईला टोचण्याजोगंही काही उरलं नव्हतं. खूप हसलो होतो आम्ही."

"काडतुसाची जागाही बघ, ताई," सेवेरीनो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "लांब आहे. जड काडतुसासाठी."

होती लांब.

"आणि पट्टी! दोन नळ्यांच्या मधली. रुंद, सपाट, वर बारीक रेघा मारलेली, डोळ्यावर उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून. पाखरांच्या बंदुकीवर एवढे कष्ट कोण घेतो?"

कुणी घेत नाही. ओत्तावियाने मान डोलावली.

कान

जिथे नळ्या धडात, म्हणजे बंदुकीच्या मधल्या पोलादी भागात बसतात तिथे दोन्ही अंगांना पोलादाचे दोन कान पुढे आलेले होते. जड काडतुसं दिवसभर उडवली तरी नळ्या इकडेतिकडे हलू नयेत म्हणून. असे कान मागाहून लावता येत नाहीत, धडाबरोबरच कोरून काढावे लागतात.

"मी तर आधी तेच पाहिले," सेवेरीनो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," लोपार्दो म्हणाला.

लाकूड

पण एवढ्याने भागत नव्हतं. कबुतरांच्या बंदुकीला एखादा मालक हौसेने खटका बसवूनही घेई. तो असला आणि कुणी काढला असला, तर खूण आत राहणार.

ओत्तावियाने मळसूत्रं काढली, लाकडी दस्ता धडापासून हळूच ओढला आणि आतल्या पोकळीत पाहिलं. खटक्याची काडी जिथून जाते, तिथे लाकडात खाच लागते. इथे अक्रोडाचं लाकूड अखंड होतं. जुन्या तेलाने काळं पडलेलं, छिन्नी कधी न लागलेलं. खटका बसतो त्या धडाच्या मागच्या शेपटीवर ना भोक, ना बुजवलेली चीर. वरची नक्षी एका दमात कोरलेली. मधे कुणाचा दुसरा हात लागता तर तिला तो लगेच ओळखू आला असता.

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "खटका कुणी काढलेला नाही. तो कधी नव्हताच. वीस बोअर असली तरी ही कबुतरांसाठीच घडवलेली आहे. लहान बोअरवाल्याला काही मैदानांत पेटीच्या जवळ उभं राहू देत, म्हणून कुणीतरी करून घेतली असेल."

"वा!" देल्फीनाने टाळ्या वाजवल्या, अगदी सावकाश. "तुम्ही हेच सांगणार, असं मी घरीच म्हटलं होतं, शब्दन् शब्द."

"लाकूड बघ. मी दाखवते."

"मला कशाला दाखवता? मला वाचता येतं का ते? उद्या तुम्ही म्हणाल हा पाव आहे, तर मी तोही खाऊ का?"

ओत्ताविया दस्ता हातात घेऊन तशीच उभी राहिली. खरं बोलून असं चोरासारखं उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

वजन

सेवेरीनो उठला होता. टोपी डोक्यावर चढली होती.

"मग मी जाऊ, साहेब? उगाच दोन महिने गावभर माझी छी थू. अहो, हातात घेताक्षणी कळतं हो! वीस बोअर अशी जड असते का कधी? दुकानात आली त्याच दिवशी मी ओळखलं होतं."

"गाउदेन्झिओला तर म्हणालास, वजनदार आहे, हातात स्थिर राहते," देल्फीना म्हणाली. "मी शेजारीच उभी होते. त्याने खटका शोधला, सापडेना. आजवर त्याने मामाची जुनी, बाहेर घोडा असलेली बंदूक वापरलेली, घोडा हळूच खाली उतरवला की बार उडायची भीती नाही. त्याने विचारलं, खटका कुठाय? तू म्हणालास, या बंदुकीला गरज नसते."

"नसतेच! आत्ता ताईनेही तेच सांगितलं ना?"

लोपार्दोने कागद पुढे ओढला होता. त्याचा एक प्रश्न होता, त्याला उत्तर मिळालं होतं. आता सही केली की काम संपत होतं. ओत्तावियाला ते दिसत होतं. भावाचा चेहराही दिसत होता, तापातून उठलेल्या माणसासारखा ओला अन् हलका झालेला.

तिने दस्ता कापडावर ठेवला.

"कुठे नसते, सेवेरीनो?"

"काय?"

"गरज. कुठे नसते?"

"हे काय, ताई, तुला माहीत नाही?" तो हसला. "रेघेवर. कबुतर सुटायच्या आधी काडतूस भरायचं, बार उडवायचा, लगेच बंदूक मोडून उघडी करायची. भरलेली घेऊन कोणी पाऊलसुद्धा टाकत नाही. खटका सोडायला विसरला तर पैज जाते, म्हणून तर..."

त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आणि डोंगरात?"

लोपार्दोने लेखणी उचलली होती ती तशीच धरून ठेवली. "बाई, हे मी विचारलेलं नाही."

"मग विचारा. मी सही नंतर करते."

"ताई," सेवेरीनो हळू आवाजात म्हणाला. लहानपणी मार चुकवायला म्हणायचा, तसंच.

"तो कशासाठी घेतोय ते तुला ठाऊक होतं?"

"खोऱ्यात बंदूक आणखी कशासाठी घेतात?"

"त्याला सांगितलंस का, की ही भरून डोंगरात न्यायची नाही?"

देल्फीना पहिल्यांदाच टेबलाजवळ आली होती. सेवेरीनोने तिच्याकडे पाहिलं नाही. तो उघड्या पडलेल्या दस्त्याकडे बघत होता.

"त्याला घाई होती," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पक्षी उतरणार होते."

लोपार्दोने ते लिहून घेतलं. लिहिताना पुन्हा मोठ्याने वाचलं आणि विचारलं, असंच म्हणालात ना? सेवेरीनोने मान हलवली. देल्फीना निघून गेली. दार तिने उघडंच टाकलं.

ओत्तावियाने सही केली. बाहेर आली तेव्हा सेवेरीनोची गाडी सुरू होती. सकाळी दोघं तिच्यातूनच आली होती. ती पायरीवर उभी राहिली. तो समोर बघत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग तो आडवा वाकला आणि तिच्या बाजूचं दार आतून उघडलं.

ती बसली.